पात्रांशी भांडणाऱ्या हिराकाकू

बोईसरला राहायला आले त्याच आठवड्यात शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. "अगो, त्याच्या नादाला लागू नको! रडशील मागून!" कुणा सुनेची खरडपट्टी चाललीय असं समजून मी धावत गेले. दार उघडंच होतं. हिराकाकू एकट्याच खुर्चीत बसल्या होत्या आणि मांडीवर वाचनालयाची कादंबरी. "हिला मगापासून सांगते, ऐकतच नाय," त्या मला म्हणाल्या. नायिका जशी काही स्वयंपाकघरातच होती!

काकू मूळच्या मुरब्याच्या, जवळच्याच समुद्रकाठच्या गावच्या. नवरा तारापूरच्या कारखान्यात म्हणून बोईसरला आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. पात्रांना त्या अक्कल शिकवायच्या, शिव्या घालायच्या, एखादीला चांगला नवरा मिळाला तर देवापुढे साखर ठेवायच्या. मी शाळेत मराठी शिकवते, तेव्हा त्यांना पुस्तकं पुरवायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं.

एकदा मी त्यांना दोन मैत्रिणींवरची एक छोटीशी कादंबरी दिली. क्षुल्लक कारणावरून दोघींचं बोलणं बंद होतं आणि वर्षानुवर्षं दोघीही दुसरीच्या पहिल्या शब्दाची वाट बघत राहतात. मला ती फार आवडली होती.

"काकू, त्यातलं मौन किती बोलकं आहे!"

"मौन कसलं गो? तोंड फुगवून बसल्यात दोघी!"

"आणि तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काकूंनी पुस्तकात डोकं खुपसलं. त्यांच्या अबोल्याची गोष्ट मला ठाऊक होती. पारू ही त्यांची मुरब्याची बालमैत्रीण, दोघी एका ताटात जेवलेल्या. पण पारूने मुलीच्या लग्नाची पत्रिका नुसती फोनवर पाठवली, स्वतः कुंकू लावायला आली नाही, म्हणून काकू लग्नाला गेल्या नाहीत. साडी इस्त्री करून ठेवली होती, तरी नाही. तेव्हापासून अबोला. "तिनं यायला पाहिजे होतं," एवढंच म्हणायच्या. एरवी मेणाहून मऊ असलेली ही बाई इथे मात्र हटून बसली होती.

चार दिवसांनी भर दुपारी माझं दार वाजलं. काकू साडी बदलून उभ्या, डोळे लाल. कादंबरीतली एकजण शेवटी मैत्रिणीकडे जाते आणि तिथे दाराला कुलूप असतं, तिथवर त्यांचं वाचन आलं होतं. "चल माज्यासंगती मुरब्याला," त्या म्हणाल्या. रिक्षात बसल्यापासून ड्रायव्हरच्या मागे लागल्या, "भैया, जल्दी चलाव, कुलूप लग जायेगा!" त्या बिचाऱ्याला काही कळेना.

पारूमावशींचं दार उघडं होतं. त्या अंगणात बांबूवर बोंबील वाळत घालत होत्या. काकूंना पाहून त्यांचा हात तेवढा थांबला. वाटभर मनात जुळवलेलं काकू सगळं विसरल्या आणि एकदम तक्रारच बाहेर पडली, "कुंकू लावायला का नाय आलीस?"

"पावण्यांना कुंकू लावत गावभर फिरले मी. तू पावणी होतीस काय?" मावशींनी हातातला बोंबील टोपलीत टाकला. "लगीन लागेपर्यंत रस्त्याकडं बघत होते तुज्यासाठी."

काकू मटकन खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. मावशींनी बोंबलांची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. "रडतेस काय? हात चालव." मग दोघी डोळे पुसत कामाला लागल्या. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि ते बरंच होतं, कारण मलाही रडू आवरत नव्हतं.

त्यानंतर काकू निम्मा महिना मुरब्यालाच असायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा पारूमावशी उशाशी होत्या. भिंतीपलीकडून कुणी कुणाला रागावत नाही, हे मला अजून सोसत नाही.

त्या कादंबरीची शेवटची पानं त्यांनी कधीच वाचली नाहीत. मी आग्रह केला की म्हणायच्या, "नको गो. त्या दोघींचं त्या बघतील. आमचं झालं."