रूथच्या भिंतीवरची मी

चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या विमानतळावर उतरले. मावशीने मिठी मारली आणि लगेच विचारलं, "क्रीम लावत नाहीस का गं?" माझा रंग माझ्या आधीच अमेरिकेला पोचला होता म्हणायचा!

मावशी राहायची ॲन आर्बरला. सगळं गाव विद्यार्थ्यांचं. थंडी अशी की ओल्या केसांनी बाहेर पडले तर केस कडक झाले.

मावशीच्या ऑफिसातली रूथ ही कृष्णवर्णीय बाई माणसांची चित्रं काढायची. आईला भेट म्हणून माझं चित्र काढून घ्यायचं ठरलं. शनिवारी बसने तिच्या घरी गेलो. तिने पोर्चमध्येच (पुढच्या पडवीत) हातावर गरम कॉर्नब्रेड (मक्याचा पाव) ठेवला. आत भिंतभर तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चेहरे होते.

"म्युझियममधल्या चित्रांत आमची माणसं ट्रे धरून मागे उभी असायची," ती म्हणाली. "मी त्यांना पुढे बसवते."

आमच्याकडचा फोटोवाला मला न विचारताच उजळ करून द्यायचा. रूथ मात्र तपकिरीत निळा, किरमिजी मिसळत माझ्या गालाशी ब्रश धरून ताडून बघत होती. दुपारपर्यंत कॅनव्हासवर माझा खराखुरा रंग उतरला. मला रडूच आलं. आईने एकदा तरी मला असं बघावं, असं फार वाटलं.

प्रत्येक चित्राखाली रूथ त्या माणसाच्या रंगाला त्याच्या घरी जो शब्द वापरतात तो लिहायची. "तुझ्याकडे काय म्हणतात?"

"व्हीटिश!" मावशीने घाईघाईने सांगून टाकलं. "गव्हाळ!"

रूथ रंगांकडे बघून हसली. "यात गहू कुठाय?"

"काळी," मी म्हटलं आणि अर्थ सांगितला.

"आम्हालाही हा शब्द शिवीसारखाच मिळाला होता," रूथ म्हणाली. "आता आम्ही तो मिरवतो." तिने माझ्याकडूनच ती दोन अक्षरं चित्राखाली लिहून घेतली.

मावशीचा चेहरा पडला. "ताईला हे दाखवणार? लग्नाची मुलगी तू! कॅन्सल कर बाई हे."

मावशीच्या घरात राहून तिच्याशी वाद कुठे घालणार? चित्र तिथेच राहिलं. "माझ्या भिंतीवर जागा आहे," रूथ म्हणाली. "पण तुझ्या आईने पाहायला हवं होतं."

परतले तेव्हा मुंबईला आई घ्यायला आली होती. मला बघताच म्हणाली, "अगंबाई, किती काळवंडलीस!"

काळवंडले नाही आई, अशीच आहे मी, हे बघ, असं म्हणायला हातात चित्र हवं होतं. मी बॅगेतून चॉकलेटं काढून दिली.

आता आई नाही. रूथच्या शेजाऱ्यांनी मला तिच्या भिंतीवर रोज पाहिलं असेल. आईने मात्र मला कधी पाहिलंच नाही.