छत्रीवाले सर

उभ्या नोकरीत गणिताच्या सरांना मुलांनी एकही टोपणनाव दिलं नाही. भूगोलाचे सर मात्र 'छत्रीवाले'. वर्गात गलका झाला की ते ओरडत नसत. कोपऱ्यातली छत्री उघडून डोक्यावर धरत आणि गलका ओसरेपर्यंत तिच्याखाली निमूट उभे राहत. मग हात बाहेर काढून बघत, 'थांबला वाटतं' म्हणत आणि नद्यांकडे वळत. शिक्षकांच्या खोलीत दोघांच्या खुर्च्या शेजारी होत्या. दोघेही काटकुळे, जाड चष्म्याचे. भूगोलाचे सर वारले त्यालाही बरीच वर्षं झाली.

जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा भरवला तेव्हा त्या काळातले बोलावण्याजोगे गणिताचे सर एकटेच उरले होते. ते बायकोला घेऊन गेले. टक्कल पडलेली, पोटं सुटलेली मुलं आठवणी सांगायला उठली. छत्रीचा विषय निघाला तसा सरांचा चेहरा खुलला. मित्राची आठवण ठेवली पोरांनी. पण बोलणाऱ्याने त्यांच्याकडेच हात केला आणि सांगितलं की ते छत्रीवाले सर हेच. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. एकाने फोटोसाठी आणलेली कोरी छत्रीही पुढे केली.

सर उठू लागले तशी बायकोने बाही ओढली. "अहो, असू द्या. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतोय? तुमच्यासाठी टाळ्या वाजल्यात कधी?"

ते खरंच होतं. गप्प बसलं तर आयता मान पदरात पडत होता. बोललं तर हात रिकामेच. सर क्षणभर छत्रीकडे बघत राहिले. मग उठले.

"छत्री माझी नव्हे. ती भूगोलाच्या सरांची. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो."

मेळावा भरवणाऱ्यांतला एक, आता कंत्राटदार झालेला, डोकं खाजवत म्हणाला, मग सरांचीही एखादी गंमत सांगा रे कोणीतरी. माना एकमेकांकडे वळल्या. कोणाला काही आठवेना. शेवटी औषधांचं दुकान चालवणारी एक बाई जागेवरूनच बोलली.

"सर, तुमचं गणित कळायचं. म्हणून लक्षात राहण्यासारखं काही झालंच नाही."

हशा पिकला. सरही हसले, जरा उशिराने. मग त्यांनी मित्राचे आणखी दोन किस्से सांगितले. ते मुलांना ठाऊक नव्हते, आणि रंगलेही बरे. फोटोत मात्र ते छत्रीशिवायच उभे राहिले.

घरी जाताना कोपऱ्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "ती चांगलं म्हणाली की वाईट?"

"ते तुम्हीच सोडवा," ती म्हणाली. "मला कुठे कधी गणित कळलं?"