बर्फाखालचा गॅस आणि माझा संशय

द्राक्षाच्या व्यापाऱ्यांनी मला एक खोड लावून ठेवली आहे. कुणी एकाच मार्गाची फार तारीफ करायला लागलं, की यात याचा फायदा काय, हे मी आधी शोधतो. सायखेड्याला बाग होती तोवर ही खोड कामाची होती. आता इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच, मी आणि माझी मुलगी, त्यामुळे ती तिच्यावरच चालायला लागली.

ती इंजिनियर, काम घरूनच. उत्तर ध्रुवाजवळ कुठल्याशा परदेशी कंपनीचा गॅस जमिनीखाली पडून आहे आणि तो गिऱ्हाइकापर्यंत कसा न्यावा, हे तिने सुचवायचं होतं. मला तिने बागेच्या भाषेत समजावलं. पाइपलाइन टाकायची. नाहीतर गॅस इतका थंड करायचा की त्याचं पाणी होतं, आणि जहाजाने न्यायचा. म्हणजे आपला कोल्ड स्टोरेजचा कंटेनर. नाहीतर तिथेच त्याचं डिझेल करायचं, म्हणजे बेदाणा. किंवा तूर्त काढायचाच नाही.

"माल वेलीवरच ठेवायचा?" मी हसलो.

"गॅस सडत नाही, नाना."

तिचं मन जहाजांवर होतं. जेवताना जहाजं, फोनवर जहाजं. एकदा दाराआडून तिचं बोलणं ऐकलं, तेव्हा कळलं: जहाजांचं ठरलं तर तिला तीन वर्षं तिकडे राहावं लागणार. कपाटात लोकरीचे जाड बूटही सापडले. बायको गेल्यापासून या घरात दुसरा आवाज तिचाच आहे.

मग मी हात धुऊन तिच्या मागे लागलो. समुद्र गोठल्यावर जहाज कुठून जाणार? महिनाभर अडकलं तर गिऱ्हाईक थांबेल का? ती चिडत नव्हती, उलट काही प्रश्न वहीत लिहून घ्यायची. त्याचाही मला संशय आला. शेवटी एकदा जेवताना तोंडातून निघून गेलंच.

"तुला लय घाई हाय जायची, म्हणून तू जहाजांचाच मार्ग खरा ठरवतेस. व्यापारी असंच करतात."

हातातली भाकरी तिने ताटात ठेवली. "मला व्यापाऱ्यात बसवलंत, नाना?" एवढं म्हणून ती उठली. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. अहवाल पाठवून झाला होता. शेवटचं पान तिने मराठीत सांगितलं. पाइपलाइनखालची गोठलेली जमीन विरघळली तर पाइप वाकणार. डिझेलचा कारखाना परवडत नाही. जहाजं बर्फात वेळेवर पोचतील, याची खात्री देता येत नाही. गॅस तूर्त आहे तिथेच राहू द्यावा.

"मंग तिकडं कोण जाणार?"

"कुणीच नाही."

"पण तुला तर जायचं होतं ना?" मी म्हणालो.

"होतं, नाना. खूप होतं."

मला लाज वाटली. माफी मागावी म्हणून मान वर केली, पण तोंडावरचा आनंद मला लपवता आला नाही, आणि ती तोच बघत बसली होती.