लेकीच्या नावाची सव्वा मूठ

कोकिळाकाकू कानबाईचा नारळ न्हाऊ घालते तेव्हा त्याच्याशी बोलते. आमच्या घरचा नारळ फार जुना, पणजीच्या हातचा. आतलं पाणी कधीच आटलंय, हलवला की खुळखुळतो. वर्षभर तो मडक्यात, गव्हात पुरलेला असतो. श्रावणात नागपंचमी झाली की काकू त्याला बाहेर काढते, मांडीवर घेते, हळद लावते, मेणानं चांदीचे डोळे चिकटवते आणि न्हात्या पोरीला दटावावं तसं दटावते. "नाक सरळ धर वं माय, नथ कुठं अडकवू?"

तिचं देवीशी असंच असतं. गॅसच्या मागच्या कोनाड्यात तिच्या साती आसरा आहेत, सात काळे गुळगुळीत खडे. लग्न होऊन येताना माहेरच्या तापीतून उचलून ओटीत बांधून आणलेले. त्यांना ना भटजी, ना पोथी. पहिली भाकरी उतरली की चतकोर तिकडं ठेवायची आणि घरची खबर द्यायची. म्हैस आटली. धनराजकाकांचा गुडघा पुन्हा धरलाय. जिभाऊ आज कुणावर तरी चिडून आलेत, तेव्हा जरा बघा. जिभाऊ म्हणजे माझे वडील, धनराजकाकांचे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना जिभाऊ म्हणतं, आम्हीही. ते या खड्यांना हसायचे. म्हणायचे, कोकिळाबाईंचं वर्तमानपत्र निघालं.

यंदा ज्येष्ठात त्या खड्यांपुढं काकू काहीच बोलेनाशी झाली. तिची योगिता सासरहून आली होती, एका पिशवीनिशी, एस.टी.नं, न कळवता.

कुणी काही विचारलं की योगिता म्हणायची, काही नाही, कंटाळा आला. जावई हेमराजचा स्वतःचा ट्रक. इंदूर, अहमदाबाद, आठ-आठ दिवस बाहेर. सासू-सासरे खाऊनपिऊन सुखी, शिरपूरच्या पलीकडं केळीचे मळे. मारहाण नाही, उपासमार नाही. मग पहिल्याच रात्री काकूनं कुत्री येतात म्हणून योगिताच्या खोलीला बाहेरून कडी घातली, आणि पोरगी अशी ओरडली की शेजारचे लोक बॅटऱ्या घेऊन आले. त्यानंतर आषाढभर हळूहळू बाहेर पडलं. हेमराज गाडीवर गेला की सासू हिच्या खोलीला बाहेरून कडी लावायची. सकाळी उघडायची, कामाला लावायची, जेवण झालं की पुन्हा कडी. चार वर्षं. "रस्त्यावरचं घर आहे, तरणी सून आहे," असं सासू म्हणे.

जिभाऊंना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, वाईट आहे, पण माणसं वाईट नाहीत. समजावून सांगू. आणि त्यांनी व्याह्यांना, शांतारामआबांना, फोन लावला. रविवारी कानबाईचा रोट आहे, तेव्हा येऊन तुमच्या सुनेला घेऊन जा, असं ठरलं.

यात जिभाऊंचं गणित साधं होतं. रोट, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याची पोळी, एका कुळाचा. भाऊबंद सोडून दुसऱ्याच्या तोंडात त्याचा घास जात नाही. घासच काय, पीठ चाळलेला कोंडा आणि परात धुतलेलं पाणीसुद्धा आमच्या जागेबाहेर जात नाही. परसात खड्डा करून पुरतात. लग्न झालेली लेक बापाच्या रोटाला शिवत नाही, ती सासरचा खाते. आणि रोट सगळीकडं एकाच रविवारी. म्हणजे त्या दिवशी बाई कुठल्या घरचा रोट खाते, ती त्या घरची. शिरपूरचा खाल्ला की पुढं बोलायला जागा नाही.

काकूला हे तिच्या नवऱ्याकडून कळलं, शुक्रवारी. ती भांडली नाही. तिनं पाट धुतला, चौरंग धुतला, परातीला चिंच लावली.

शनिवारी गहू मोजायला बसलो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, एवढाच विधी. नाव जिभाऊ घेतात, मूठ काकू टाकते, कारण कानबाईचा उपास तिचा असतो आणि उपास धरणारीचाच हात लागतो. जिभाऊ भिंतीला टेकून डोळे मिटून नावं घेत होते. पणजोबांपासून सुरत-पुण्याला गेलेल्या पोरांपर्यंत, अगदी पाळण्यातला समर्थसुद्धा. काकूची मूठ भरत होती, रिकामी होत होती. नावं संपली. जिभाऊंनी हात जोडले.

काकूनं आणखी एक मूठ भरली, वर चिमूटभर घेतले आणि सुपात सोडले.

"योगिता धनराज सोनवणे," ती म्हणाली.

माझ्या आईच्या हातातली चाळण खाली पडली. आमच्या घरात सुपावर बाईचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. लेकीचं तर नाहीच, आणि तेही बापाच्या आडनावासकट.

जिभाऊंनी डोळे उघडले. "काढा ते."

"कुठले काढू?" काकूनं पदर पुढं ओढला; जिभाऊंशी ती तशीच बोलायची. "गव्हावर काय नाव लिहिलंय?"

जिभाऊ म्हणाले, सगळे नदीत सोडा आणि नव्यानं मोजा. काकू म्हणाली, मोजा, पण माझ्या हातानं होणार नाही. उपास दुसऱ्या कुणी धरलेला नव्हता. आईनं मध्ये पडून सांगितलं की नाव पडलेले गहू परत फिरवायचे नसतात, तिच्या सासूनं तिला तसं बजावलं होतं. हे खरं होतं की आईला त्याच क्षणी सुचलं, ते मला आजही माहीत नाही.

जिभाऊ उठले. जाताना दारात थांबून म्हणाले, गहू पडले ते पडले. पण पानावर कुणाला बसवायचं, ते मी ठरवीन.

धनराजकाका दिवसभर खाली बघून जात्याचा खुंटा ठोकत राहिले. योगिता दळायला बसली तर काकूनं तिला उठवलं. हात लावू नकोस, उद्या कुणी म्हणायला नको की तूच केलंस.

रविवारी दुपारी चौरंगाला केळीचे खांब लागले. कानबाई उभी राहिली, डोळे, नथ, हिरवं लुगडं, सगळं. काकू नेहमीसारखी तिच्याशी बोलेल म्हणून आम्ही पोरी टपून होतो. ती नुसती नथ पुन्हा पुन्हा सरळ करत होती, सरळ असलेली.

दिवस कलला तशी आरती झाली. रोट, खीर, गंगाफळाची, लाल भोपळ्याची भाजी, सगळं देवीपुढं ठेवून झालं. पुरुष पानावर बसले. रिवाजाप्रमाणे दार लोटायला मी उठले, तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

शांतारामआबा आणि हेमराज. ओट्यावर खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं. रोट मांडला असताना परक्या माणसाला आत घेत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं, त्यांनी आत यायचा आग्रह धरला नाही. आबा मोठ्यानं, हसून बोलत होते. रस्ता खराब, तापीच्या पुलावर गर्दी, केळीला भाव नाही. मग म्हणाले, चला, सूनबाईंना हाक मारा.

जिभाऊ दारात आले आणि आत न बघता म्हणाले, "योगिता, पिशवी भर बाई."

योगिता कोठीच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. ती हलली नाही. नकारही दिला नाही.  एवढं सगळं झालं, पण तुला काय हवं, असं तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं.

काकू डोक्यावरचा पदर दातात धरून ओट्यापर्यंत गेली.

"आबा, ती यंदा आमच्या रोटात आहे. तिच्या नावाची मूठ पडलीय."

शांतारामआबांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते मांडीवर हात मारून हसले. "लेकीची मूठ? विहीणबाई, कानबाईला या वयात नवीन शिकवायला लागलात का?"

जिभाऊंची मान खाली गेली. चूक झाली कोकिळाबाईंकडून, असं काहीतरी ते पुटपुटले. भाऊबंद पानावर बसून ऐकत होते, कुणाचा घास पुढं जात नव्हता.

काकूनं जावयाकडं बघितलं. जावयाशी ती याआधी कधी थेट बोललेली मी ऐकलं नव्हतं. "बापू, एक सांगा. माझ्या लेकीच्या खोलीची कडी बाहेरून का?"

हेमराज वाईट चेहऱ्याचा माणूस नाही. तो गोंधळला. म्हणाला, मी गाडीवर असतो, आईला काळजी वाटते. रात्री-बेरात्री लोक येतात ढाब्यावरचे. तिला त्रास होतो असं ती कधी बोललीच नाही. तो खरं बोलत असावा, आणि तेच ऐकायला फार कठीण होतं.

"कुणी हात लावला का तिला?" आबांचा आवाज आता चढला. "उपाशी ठेवलं? घरची लक्ष्मी घरात ठेवली, हा गुन्हा झाला? जिभाऊ, तुम्ही शब्द दिलाय मला."

"दिलाय," जिभाऊ म्हणाले.

मला वाटलं, संपलं. काकूलाही वाटलं असणार, कारण तिनं चौकटीला हात टेकला.

आबांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण आतलं कुजबुजणं ऐकून त्यांना वेळ लागेल अशी धास्ती वाटली असेल. त्यांनी हेमराजला खूण केली. तो गाडीतून स्टीलचा डबा घेऊन आला.

"आम्ही दुपारीच आरती उरकली, हिच्यासाठी," आबा म्हणाले. "सासूनं हिच्या वाटचा पाठवलाय. इथं ओट्यावर दोन घास खाऊ द्या, म्हणजे विषय मिटला. मग निवांत निघू."

हेमराजनं झाकण उघडलं. आत रोट होता, तुपानं चकाकणारा, दुमडून बसवलेला.

आत कुणीतरी श्वास ओढला. माझी आई दाराआड होती, ती दोन पावलं मागं सरकली, साप बघितल्यासारखी.

जिभाऊ वाकून डब्यात बघत राहिले. "हे काय आहे?"

"रोट."

"तुमच्या कानबाईचा?"

"मग कुणाचा असणार."

"घरातून बाहेर काढला. गाडीत घातला. तापी ओलांडून आणला."

"अहो, सूनच आहे आमची, परकी थोडीच..." आबा बोलता बोलता थांबले. बहुधा त्यांना आत्ता जाणवलं. त्यांच्याही घरी कोंडा परसातच पुरतात.

"झाकण लावा," जिभाऊ म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझ्या ओट्यावर उघडू नका ते. लावा आधी."

हेमराजनं झाकण लावलं. त्याचा हात घाईत घसरला, झाकण वाकडं बसलं, त्यानं पुन्हा काढून लावलं.

"रोट कोंडून ठेवायचा असतो, आबा," जिभाऊ म्हणाले. "सून नाही."

आबा उठून उभे राहिले. पंचांत बसू, म्हणाले. शब्द मोडणाऱ्या घराशी बोलणार नाही, म्हणाले. जिभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग ते वळले आणि पहिल्यांदा योगिताकडं सरळ बघितलं.

"तुला कुठल्या घरचा खायचाय?"

सगळं घर तिच्या तोंडाकडं बघत होतं. काकूनं डोळे मिटून घेतले.

"इथला," योगिता म्हणाली. मग, कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा, "इथलाच, जिभाऊ."

आबा गाडीत जाऊन बसले. डबा घेऊन हेमराज गाडीपाशी उभाच होता. बाहेर पडलेला रोट घरी परत नेता येत नाही आणि रस्त्यात टाकता येत नाही. जिभाऊंनी त्यालाच हळू आवाजात सांगितलं, पुलावरून जाताना तापीत सोड, हात जोड, आणि आईला काही बोलू नकोस. तो मान हलवून गेला. जाताना एकदा दाराकडं बघितलं त्यानं. योगिता तोवर आत गेली होती.

मी दार लोटलं. बायकांच्या पंगतीची वाट न बघता जिभाऊंनी तिला आपल्या शेजारी पान मांडायला लावलं. भाऊबंदांपैकी वसंततात्यांनी घसा खाकरला. जिभाऊंनी नुसती मान वळवली, तात्यांनी खिरीकडं लक्ष दिलं.

काकू वाढत होती. उपास सोमवारी विसर्जन झाल्यावर सुटणार, तोवर तिला स्वतःला घास नव्हता. जिभाऊंच्या पानावर आली तेव्हा ते ताटाकडं बघत म्हणाले, "नाव घ्यायचं काम माझं होतं. तुम्ही घेतलंत. चुकलं ते."

"चुकलं," काकू म्हणाली.

"पुढच्या वर्षी मला विचारून."

"पुढच्या वर्षी ती इथं असेल का, ते आधी सांगा."

जिभाऊंनी रोटाचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला, खाल्ला.  शांतारामआबा सहज सोडणारा माणूस नव्हता. शिरपूरकडं आमच्या अजून दोन मुली दिलेल्या, त्यांचं काय होईल, हेही जिभाऊंच्या डोक्यात असणार.

"उद्या विसर्जन झालं की धुळ्याला जाऊ," ते म्हणाले. "तिथं एक वकीलबाई आहेत ओळखीच्या. कोकिळाबाई, तुम्हीही चला. मला कडीचं नीट सांगता येणार नाही."

काकूनं मान हलवली आणि पुढच्या पानाकडं सरकली. योगितानं अजून पहिला घास उचलला नव्हता. काकू तिच्यापुढं वाकली, रोटावर तूप सोडायला लागली. सोडतच राहिली, तूप ताटाबाहेर सांडलं, पाटावर, योगिताच्या साडीवर.

"आई, पुरे," योगिता म्हणाली, आणि खायला लागली.