गोल्ड मेंबर महंमद मुलाणी

कापूरहोळच्या फाट्यावर सिमेंट विकणाऱ्या माणसाकडे क्रूझच्या जहाजाचं सोनेरी कार्ड होतं, हे सांगितलं तर आजही लोक माझ्याकडे बघून हसतात. हसू देत. कार्ड माझ्या अब्बांचं होतं आणि मी ते स्वतःच्या डोळ्यांनी रोज बघत होते, कारण दुकानाच्या गल्ल्यामागे त्यांनी ते काचेत मढवून लावलं होतं.

अब्बा म्हणजे महंमद मुलाणी. मुलाणी ट्रेडर्स, सिमेंट, पत्रे, सळ्या आणि अखंड बडबड. हायवे चौपदरी झाला, फाट्यापासून आत भोरपर्यंत बंगल्यांची कामं निघाली आणि अब्बांचं सिमेंट असं काही खपलं, की कंपनीने त्यांना डीलर लोकांच्या सहलीत सिंगापूरला नेलं. एकदा नव्हे, तीनदा. तिथून क्रूझवर चढवून समुद्रात फिरवून आणायचे. तिसऱ्या खेपेनंतर जहाजाच्या कंपनीने घरी कार्ड पाठवलं, तुम्ही आता आमचे गोल्ड मेंबर. अब्बांना मुलगा झाल्याएवढा आनंद झाला. मी त्यांची एकुलती एक मुलगी गुलफशा, त्यामुळे हे मी जरा रागानेच सांगते आहे.

त्यानंतर फाट्यावरच्या ढाब्यात रोज संध्याकाळी जहाज निघायचं. "पंधरा मजली बोट! वरच्या मजल्यावर पवायचा तलाव! आन् जेवायच्या दालनात बर्फाचा मोर, पार पिसारा फुलवल्याला!" ऐकणारे तेच, मोर तोच, पण पिसारा दर वेळी वाढायचा. समुद्राचं वर्णन तर असं करायचे की ट्रकवाले चहा गार करून घ्यायचे.

आणि घरात माझ्या अम्मीने, बिलकीसने, समुद्र पाहिलेलाच नव्हता. जन्म भोरात, संसार कापूरहोळात, लांबचा प्रवास म्हणजे पुणं. डीलरच्या सहलीत बायकामुलांना नेत नसत. अम्मी कधी काही बोलली नाही, पण टीव्हीवर समुद्र दिसला की तिचा भाजी निवडणारा हात थांबायचा.

अम्मीची एकच अडचण होती. लग्नानंतर लवकरच ती एकदा गोदामात पोती मोजायला गेली आणि शटर खाली येऊन अडकलं. मिस्त्री येऊन ते कापेपर्यंत ती आत, अंधारात, सिमेंटच्या धुळीत. तेव्हापासून बंद खोलीत तिचा जीव घाबरा होतो. ऐन थंडीतही घराची खिडकी उघडी. एसटीत खिडकीची जागा नसेल तर ती पुढच्या गाडीची वाट बघते.

दोन हजार सहा साली बातमी आली, की एक मोठी क्रूझ आता थेट मुंबईहून सुटणार, लक्षद्वीप आणि गोवा करून परत. अब्बांना कार्ड देणारी कंपनी ही नव्हती. पण पेपरात बारीक अक्षरात छापलं होतं की ही तिची भगिनी कंपनी आहे. अब्बा खुर्चीतून उठलेच.

"गुलू, भैन हाय म्हनं! भैनीची बोट हाय ती!"

आता बहीण म्हटल्यावर अब्बांना पुढचं काही समजावून सांगायची गरज नव्हती. आमचं मूळ गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथे गावदेवीच्या जत्रेत पालखीपुढे मशाल धरायचा मान मुलाण्यांच्या घराचा. वर्षातून एकदा ही देवी खिंडीपलीकडच्या गावात आपल्या बहिणीला भेटायला जाते, तेव्हा त्या गावातही मशाल मुलाणीच धरतो. तुम्ही कोण, कुठले, असं कुणी विचारत नाही. मोठे चुलते आजारी असले तर अब्बा जातात, अब्बांना जमलं नाही तर चुलतभाऊ जातो. मान घराचा असतो, घरातला कुणीही गेला तरी चालतं. अब्बांच्या मते जगाचा कारभार असाच चालायला हवा होता.

तरी त्यांनी मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. स्पीकर चालू, आणि दुकानात सगळा फाटा गोळा झालेला.

"मॅडम, मोठ्या भैनीचं गोल्ड तुमच्याकडं चालतं का?"

"हो सर. दोन्ही कंपन्या एकाच मालकीच्या आहेत. तिकडचे गोल्ड मेंबर आमच्याकडेही गोल्डच."

"आन् मिळतं काय काय?"

"वेगळी रांग, खोलीत फळांची टोपली. आणि तुम्ही बिनखिडकीची खोली घेतलीत, तरी शिल्लक असेल तर आम्ही गॅलरीवाली देतो."

दुकानात टाळ्या पडल्या! आमचा ड्रायव्हर बंडू तर पोत्यांच्या थप्पीवर चढून नाचला आणि अब्बा त्याला ओरडलेही नाहीत. गॅलरीवाली खोली म्हणजे अम्मीला दार उघडं टाकून झोपता येणार. समोर समुद्र! अब्बांनी त्याच दिवशी कार्डाचा नंबर देऊन बिनखिडकीची खोली घेतली. अम्मीच्या आणि माझ्या नावाने.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"म्या तीनदा जाऊन आलोय की. दुकान कोन बगनार?" असं म्हणून ते उगाचच सळ्यांकडे निघून गेले. मला वाटलं, काय मन आहे माझ्या बापाचं!

निघायचा दिवस म्हणजे फाट्यावर लग्नघर. ढाबेवाल्याने जीपला हार घातला. अम्मी अंजिरी रंगाची नवी साडी नेसली होती आणि पिशवीत बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी असं सगळं भरलं होतं. बर्फाचा मोर असला तरी तो खाता येत नाही, असं तिचं म्हणणं. बंडू जीप चालवत होता, अब्बा त्याच्या शेजारी. ते आम्हाला सोडायला येत होते, पायात दुकानातल्याच चपला आणि शर्टाच्या बाहीवर सिमेंट. मुंबईपर्यंत तोंड बंद नाही.

बंदरावर जहाज उभं होतं. मी चाटच पडले. आमचा अख्खा फाटा, ढाबे आणि गॅरेजसकट, त्यात मावला असता. पण धक्क्यावरून समुद्र काही दिसेना, कारण जहाजच त्याच्या आड आलं होतं. अम्मी मान वाकडी करून त्याच्या टोकाकडून काही दिसतं का ते बघत होती.

सोनेरी पाटीखालची रांग अगदी छोटी होती. अब्बा छाती काढून पुढे, आम्ही मागे. त्यांनी काचेतून सोडवून आणलेलं कार्ड काउंटरवर टेकवलं. काउंटरवरच्या बाईने ते मशीनवर धरलं आणि गोड हसली.

"वेलकम, मुलाणीसाहेब. तुमचं गोल्ड आमच्याकडे दिसतंय. तीन सफरी, सगळं जमा आहे."

अब्बांनी आमच्याकडे असं बघितलं, की आता धक्कादेखील आपलाच. मग त्या बाईने पुढचे कागद बघितले आणि तिचं हसू थोडं कमी झालं.

"पण साहेब, प्रवास तर या दोघी करतायत. तुम्ही नाही."

"व्हय. माझी मंडळी आन् पोरगी. माझ्याच घरातली हायत."

"तसं चालत नाही. मेंबरशिप एका कंपनीची दुसऱ्या कंपनीत चालते, पण एका माणसाची दुसऱ्या माणसाला चालत नाही. तुम्ही स्वतः त्या खोलीत राहणार असाल तरच गॅलरीवाली देता येते. नाहीतर तुम्ही घेतलेली आतली खोली आहेच."

"आतली म्हंजे?" अम्मीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"खिडकी नसते, मॅडम. पण एसी छान आहे."

अम्मीने शांतपणे आपली पिशवी उचलली. "मला न्हाई जमायचं तितं. चला, घरी जाऊ." रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती जीपच्या दिशेने निघालीसुद्धा.

माझं डोकं सटकलं. एवढ्या जवळ येऊन परत? "अब्बा, मग तुम्हीच चढा ना! दुकानाचं काय घेऊन बसलात?"

"शेठ, म्या बगतो दुकान," बंडू म्हणाला. "तीन-चार दिसात सिमीट काय पळून जातंय व्हय?"

अब्बा काउंटरवरचं कार्ड नुसतं उलटंसुलटं करत राहिले. मागे रांग थांबली होती आणि ती बाई घड्याळाकडे बघत होती, कारण चढायची वेळ संपत आली होती.

"न्हाई जमायचं," ते हळूच म्हणाले.

"का पण?"

"गुलू, म्या तिन्ही बारी निस्त्या उलट्या केल्यात. बोट हालली की माझं काम तमाम. पडून ऱ्हायलो, ते परत सिंगापूर येस्तोवर डोळंच उघडलं न्हाईत."

"आणि बर्फाचा मोर?"

"चढताना बगितला."

"पोहायचा तलाव?"

"त्यो माहितीपत्रात व्हता."

बंडू फस्सकन हसला आणि मग तोंडावर हात धरून दुसरीकडे बघू लागला. मला हसावं की ओरडावं ते कळेना. अम्मी परत फिरून आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता या माणसाची काही धडगत नाही, इतकी वर्षं हिला मोराच्या गोष्टी सांगितल्या. पण अम्मी त्यांच्या बाहीवरचं सिमेंट झटकत म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या. तुमास्नी तरास देऊन मला समुद्र नगं. घरी जाऊन भाकरी खाऊ."

अब्बांनी तिच्याकडे बघितलं, मग त्या जहाजाकडे. मग खिशात हात घालून मतदानाचं ओळखपत्र काढलं आणि काउंटरवर आपटलं.

"लिवा बाई, माजं बी नाव लिवा!"

मी किंचाळलेच! ती बाईही एकदम उभी राहिली. "खोलीत तिसरा पलंग भिंतीतून खाली येतो, तो देते. पण यादीत नाव चढवायला साहेबांची सही लागेल, आणि गॅलरीवाली शिल्लक आहे का ते बघावं लागेल. थांबा हं!" आणि ती टाचांचे बूट वाजवत आत पळाली. आम्ही चौघे काउंटरला चिकटून उभे. अम्मी ओठातल्या ओठात दुवा पुटपुटत होती. अब्बा बहुधा उलट दुवा मागत असावेत.

ती धावतच परत आली. "एक आहे! शेवटची एकच राहिली होती!"

बंडूने अशी शिट्टी मारली की पोलिसाने वळून बघितलं. अब्बांकडे कपडे नव्हते, टॉवेल नव्हता, काही नव्हतं. बंडूने जीपमधून स्वतःचा शर्ट आणि लुंगी आणून त्यांच्या हातात कोंबली. महंमद मुलाणी, गोल्ड मेंबर, ड्रायव्हरची लुंगी काखेत मारून लाल गालिच्यावरून जहाजात शिरले आणि मी मागून वेड्यासारखी हसत होते.

खोलीत पाऊल टाकल्याबरोबर अम्मीने आधी काचेचं दार सरकवलं आणि ते पुन्हा लागू नये म्हणून मधे भाकरीची पिशवी ठेवली. अब्बा चपला काढून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, जहाज अजून धक्क्यालाच होतं तरी. मग भोंगा झाला. धक्का मागे सरकू लागला, माणसं लहान होत गेली आणि जहाज वळलं. आणि आला! समुद्र आला! मी नाचत होते, ओरडत होते. अम्मी कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होती, वाऱ्याने पदर उडत होता आणि ती तो सावरतही नव्हती. नंतर ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, थांबेचना.

अब्बांनी शब्द पाळला. दिवे लागायच्या आतच उलट्या सुरू झाल्या. अम्मी त्यांना लिंबू चाटवायची, तोंड पुसायची आणि पुन्हा गॅलरीत यायची. फळांची टोपली आली, ती मी एकटीने संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन कुठेच दिसत नव्हती. अम्मी पलंगापाशी जाऊन बसली.

"आवो, तुमच्या त्या सिंगापूरच्या खोल्यास्नी खिडकी व्हती का?"

"कुटली खिडकी? डीलर लोकास्नी आतल्याच खोल्या."

"तिन्ही बारी?"

"तिन्ही बारी."

"मग दुसरं काय व्हनार?" अम्मी चिडलीच. "बंद खोलीत जिवाचं काय व्हतं ते मला इचारा. उठा. भाईर वारं खावा."

"मराया न्हेती का मला?"

"उठा म्हन्ते ना!"

तिने एका हाताला धरलं, मी दुसऱ्या. बंडूची लुंगी सावरत, डोळे गच्च मिटून अब्बा गॅलरीत आले. कठडा हाताला लागल्यावर त्यांनी तो असा पकडला की बोटं पांढरी पडली. वारा सुटला होता. त्यांनी एक लांब श्वास घेतला, मग आणखी एक, आणि पोट काही वर आलं नाही.

"उगडा आता डोळं," अम्मी म्हणाली.

"कुटं बगू?"

"कुटंबी बगा. समदीकडं हायच."

अब्बांनी आधी एक डोळा उघडला. मग दुसरा. उजवीकडून डावीकडे हळूहळू मान फिरवली आणि पुन्हा तशीच परत आणली. डोळे भरून आले होते, आणि ते उलट्यांनी खासच नव्हते.

"बिलकीस," ते म्हणाले, "लोकास्नी म्या लई कमी सांगितलं गं."