लाडलेसाब उस्तादांचा शक

लाडलेसाब उस्ताद मोटारीला हात लावायच्या आधी तिच्या मागं जाऊन बसत. मालक, ड्रायव्हर आणि चार रिकामटेकडे पुढं बॉनेटभोवती जमलेले असायचे, आणि हे आपले मागं धुराच्या नळीपाशी उकिडवे. खिशातून पांढरा रुमाल काढायचा, नळीसमोर धरायचा, हुंगायचा, उन्हात उलटासुलटा करून बघायचा. मग मान वर करून ड्रायव्हरकडं अशी नजर टाकायची, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपण कुणाचा तरी मुडदा पाडून आलोय.

नळदुर्गात हैदराबादच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. डिझेलची मोटार आमच्या भागात नवीनच आली होती आणि तिचं दुखणंखुपणं समजणारा माणूस म्हणजे हे एकटेच. पण विश्वास? तो त्यांचा कुणावरच नव्हता. चहावाल्याच्या दुधावर नव्हता, नव्या नटाच्या आट्यांवर नव्हता, आणि ड्रायव्हरवर तर मुळीच नव्हता. "धूर खोटं बोलत न्हाय, डायवर बोलतो," हे त्यांचं पालुपद. घरून आलेला डबासुद्धा आधी उघडून बघायचे. मी एकदा म्हटलं, "उस्ताद, भाभींवर बी शक?" तर म्हणाले, "तिच्यावर न्हाय रे, डबा आननाऱ्यावर. ती दोन बोट्या घालती, माझ्यापर्यंत येती एक."

त्यांची माझी खरी ओळख झाली ती मी गुन्हेगार ठरायच्या बेतात असताना. नागप्पाशेठच्या गाडीवर मी ड्रायव्हर होतो, नळदुर्ग ते उमरगा. रोज संध्याकाळी रेडिएटर काठोकाठ भरून मी घरी जायचो आणि सकाळी बघावं तर अर्धी कळशी पाणी गायब! खाली जमीन कोरडी ठणठणीत. शेठनं चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी हिशोब जुळवला, की हा भगवान रात्री गाडी काढतो आणि सोलापूरच्या बाजूला सरहद्दीपार माणसं पोचवतो. "मग डिझेल कसं कमी होत नाही?" असं मी विचारलं. तर म्हणे, "ते तू भाईरनं घालत असशील. तू काय कमी बिलंदर हायस?"

सरहद्दीपलीकडं तेव्हा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कँप पडले होते. तिकडं माणसं नेतो, एवढा नुसता संशय पुरे होता. आमच्या गल्लीतले दोघं असेच ठाण्यात गेले होते, ते अजून घरी आले नव्हते. शेठनं सांगून टाकलं, "उद्यापर्यंत कबूल हो, न्हायतर अमीनसाहेबापुढं उभा करतो." अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य. घरी बायकोला सातवा महिना. मी अक्षरशः हात जोडले, "शेठ, निदान उस्तादांना गाडी दाखवा."

उस्ताद आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला दोघांवर बी शक हाय."

"माझ्यावर?" शेठ उसळले. "अवो, गाडी माझी हाय!"

"म्हनून तर. भाच्याला गाडीवर बसवायचं असंल तुमाला."

भाचा खरोखरच दोन महिने घरी बसून होता. मग उस्ताद माझ्याकडं वळले. "आणि तू लई खूश नको होऊ. शक घ्यायचा तर हात काळे करून घ्यायचा, नुसता तोंडानं न्हाय घ्यायचा."

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः रेडिएटर भरला. झाकणावर मळलेल्या कणकेचा गोळा थापून त्यावर अंगठा उठवला. मग घरून दोन अंडी आणून मागच्या चाकाला चिकटवून ठेवली, एक पुढून, एक मागून. गाडी वीतभर हलली तरी एक फुटणार. कुत्र्यांवरही त्यांचा शक होताच, म्हणून अंड्यांवर पाट्या झाकल्या आणि पाट्यांवर धोंडे ठेवले. मी खाटेवर पडून त्या दोन अंड्यांसाठी जेवढे देव आठवले तेवढे जन्मात आठवले नव्हते.

सकाळी अंडी शाबूत! कणकेवरच्या ठशावर उस्तादांनी आपला अंगठा लावून बघितला. ठसा त्यांचाच. झाकण काढलं, तर पाणी अर्धी कळशी खाली.

"मग काय उडून गेलं?" शेठ म्हणाले.

उस्तादांनी झाकण तसंच उघडं ठेवलं आणि मागं जाऊन बसले. "भगवान, हँडल मार. हळू."

इंजिन खोकत खोकत चालू झालं आणि नळीतून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. थेंब थेंब पाणीही पडलं. शेठ म्हणाले, "थंडीत सगळ्याच गाड्या पांढरा धूर सोडत्यात की."

"सोडत्यात. पर गाडी तापली की थांबतोय. हा थांबतोय का बघू."

आम्ही बघत राहिलो. बॉनेटला हात लाववेना तरी धूर पांढराच. रुमाल ओला झाला, पण तेलाचा डाग नाही, वास नाही. उघड्या रेडिएटरात भाताला उकळी फुटावी तसे बुडबुडे येत होते. उस्तादांनी शेठला हाक मारली. "हितं या. नळीपुढं हात धरा."

"तुमी सांगताय ना, बास झालं."

"न्हाय. शक तुमी घेतलाय, हात तुमचाच काळा व्हाया पायजे."

शेवटी पांढऱ्याशुभ्र धोतरातले शेठ धुळीत बसले. हात ओला झाला, नळीच्या तोंडाची काजळीही मनगटापर्यंत लागली. दुपारी इंजिनाचं हेड खोललं, तेव्हा खालचं तांब्याचं पॅकिंग नखाएवढं जळालेलं निघालं. त्या फटीतून पाणी इंजिनाच्या पोटात झिरपत होतं आणि धुरावाटे निघून जात होतं. शेठ माझ्याकडं न बघता उस्तादांना "लवकर बसवा," एवढं म्हणून गेले.

मी उस्तादांच्या पायाशी वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले. "पाया नको पडू. अंडं फुटलं असतं तर म्याच तुला अमीनाकडं नेला असता." तेव्हा मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करतो. तरी त्यानंतर रिकाम्या वेळी मी त्यांच्याच दुकानात बसू लागलो.

पुढं निजामाचं राज्य गेलं आणि संशयानं तोंड फिरवलं. आता तो उस्तादांसारख्या मुसलमानांच्या दारात उभा राहिला. त्यांच्या दुकानात एक पत्र्याची पेटी होती, कायम कुलूप लावलेली. तिच्यात हत्यारं आहेत अशी हूल उठली. गावातले काहीजण दुकानापुढं जमले. उस्ताद नमाजला गेले होते, मी तिथं उभा होतो. एकानं मला विचारलं, "तू हितं रोज बसतोस. काय हाय पेटीत?"

मी म्हणालो, "काय म्हाईत बाबा. कुलूप असतंय."

खोटं नव्हतं ते. पण ते ऐकताच लोकांनी कुलूप तोडलं.

पेटीत निघाले जळके पॅकिंग, तडकलेल्या रिंगा, वाकडे व्हॉल्व्ह. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. लोक खजील होऊन पांगले. माझी शाळा उर्दूत झालेली, म्हणून मी एक चिठ्ठी वाचली. दुसरी वाचली. तिसरीवर माझं नाव होतं: "नागप्पाशेठची गाडी. पाणी पॅकिंगमधून जात होतं. भगवान ड्रायव्हर, बेकसूर."

तेवढ्यात उस्ताद आले. खाली बसून एकेक तुकडा गोळा करू लागले.

"उस्ताद, हे ठेवलं कशाला?"

"शक लई चिवट, भगवान. उतरवला तरी पुन्हा चढतो. उद्या शेठनं पुन्हा तुझं नाव घेतलं असतं, तर दाखवाया नको?" मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "तू किल्ली मागायची व्हतीस. दिली असती."

आठवड्यानं ते लेकीकडं गुलबर्ग्याला निघाले, उमरग्यापर्यंत माझ्याच गाडीतून. उतरल्यावर सवयीनं मागं गेले, नळीला रुमाल लावला. "साफ हाय," म्हणाले, आणि गेले. दोन वर्षांनी तिकडंच वारले. माफी मागायची माझी राहून गेली ती गेलीच.

माझी चिठ्ठी त्या पॅकिंगसकट माझ्याकडं आहे. उस्तादांच्या नावाची चिठ्ठी मात्र त्या पेटीत कुणी ठेवली नव्हती. ती लिहायचं काम माझं होतं. आज लिहितो: लाडलेसाब उस्ताद, नळदुर्ग. पेटी मी स्वतः पाहिली. बेकसूर.