पाच वर्षं होईपर्यंत थांब, असं मी त्याला सांगितलं

बातमी आली तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो. सकाळचे साडेदहा वाजले होते, माल भरून टेम्पो फाटकाशी उभा होता आणि तपासणीच्या कागदावर माझ्या भागीदाराची, अनंताची, सही नव्हती. अठ्ठावीस वर्षांत हा माणूस एकदाही उशिरा आला नव्हता, आणि नेमका आज... मी त्याच्या मोबाईलवर दोनदा तणतणून निरोप ठेवले. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्याच्या बायकोनं, सुमतीवहिनींनी, उचलला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. निजामपुऱ्यातल्या घरी आंघोळ करून शर्टाची बटणं लावता लावता तो पलंगावर बसला आणि तसाच कलंडला. याला आता सहा आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, "तुमचा आधार गेला," आणि मी मान डोलावतो. आधार गेला हे खरंच आहे. पण तो आधार मी कसा धरून ठेवला होता, हे कोणाला माहीत नाही, आणि तेच लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघंही बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतले. दोघांच्याही आजोबांनी संस्थानच्या कचेरीत टाक झिजवले, वडिलांनी सरकारी ऑफिसांत. त्यामुळे आम्ही गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन व्हॉल्व्हचे सुटे भाग करायला लागलो तेव्हा "शिकून सवरून हात काळे केले" हे बरीच वर्षं ऐकून घेतलं. मी बोलणारा, तो करणारा. मी ऑर्डरी आणायच्या, गिऱ्हाइकाशी भांडायचं, बँकेत हसायचं. त्यानं मशीनपाशी उभं राहायचं. नव्या कामगाराला तो दिवसभर एकच भाग करायला लावायचा, आणि चुकला तर रागवायचा नाही, फक्त म्हणायचा, "चाल ने, परत करू." त्याच्या हाताखालून गेलेली माणसं आज सगळ्या गोरव्यात विखुरलेली आहेत. माझ्या निम्म्या ऑर्डरी मी त्यांच्याकडून त्याच्या नावावर मिळवल्या आहेत.

मोठी गिऱ्हाइकं पुढे म्हणायला लागली, भागीदारी संस्था नको, कंपनी करा. आमचे सी.ए. मेहुलभाई. मराठी छान समजतं, बोलतात मात्र गुजरातीच. त्यांनी समजावलं की गोरव्याचा प्लॉट आणि मशिनरी भागीदारीतून कंपनीत गेली की एरवी ती विक्रीच धरली जाईल, आणि कवडीमोलानं घेतलेल्या प्लॉटच्या आजच्या भावावर कर बसेल. मात्र कायद्यानं एक सवलत ठेवली आहे. भागीदारांनी आपापल्या भांडवलाच्या प्रमाणात शेअर घ्यायचे, शेअरशिवाय दुसरं काही घ्यायचं नाही, आणि पुढची पाच वर्षं त्या भागीदारांच्या हातात मिळून निम्मे तरी मतांचे हक्क राहिले पाहिजेत. ते राहिले नाहीत, तर माफ झालेला कर कंपनीवर उलटून येणार. मी पेन्सिलीची फुली दिसेल तिथे सह्या करून मोकळा झालो. अनंता ओळीखाली बोट ठेवून पान न् पान वाचत बसला. मेहुलभाईंचा चहा दोनदा येऊन गेला. "अरे, आपण सासुरवाडीला चाललोय का, एवढं काय बघायचंय?" मी म्हटलं. तो म्हणाला, "सासुरवाडीहून परत तरी येता येतं."

मग नव्या मशीनसाठी पैसे घालायची वेळ आली. मेहुलभाई म्हणाले, तुमचे पैसे कर्ज म्हणून द्या. कंपनीला व्याज खर्चात धरता येतं, तुम्हाला ते दरवर्षी मिळतं, आणि उद्या मुद्दल परत घेतलंत तर त्यावर कर नाही. शेअरमध्ये घातलेले पैसे मात्र असे सहज बाहेर निघत नाहीत, आणि त्यावर दिलेला लाभांश कंपनीला खर्चातही धरता येत नाही. मला हे लगेच पटलं. अनंताला पटलं नाही असं नाही, हिशेबात तो माझ्यापेक्षा हुशार होता. पण तो म्हणाला, "आपल्याच घराला उसने कसले द्यायचे?" आणि त्यानं वडिलोपार्जित जमिनीचे आलेले सगळे पैसे शेअरमध्ये घातले. त्यामुळे त्याचा हिस्सा निम्म्याच्या वर गेला, माझा निम्म्याच्या खाली आला. पुढे मुलीच्या लग्नाला मी माझं कर्ज कंपनीकडून निवांत परत घेतलं. त्याचे पैसे मशीनमध्ये आणि भिंतींत बसले होते.

कंपनीच्या तिसऱ्या वर्षी बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका तांत्रिक शिक्षणसंस्थेनं त्याला बोलावलं. फिटिंग आणि टर्निंग शिकवायचं, राहायला दोन खोल्या, पगार बेताचाच. पूर्ण वेळ हवा होता आणि दुसरीकडचं संचालकपद चालणार नव्हतं. तो माझ्या केबिनमध्ये आला, दार लावून बसला. असा तो कधी बसत नसे. "विलास, मला हे करायचंय रे," म्हणाला. "शेअर विकले तर पगार कमी असला तरी भागेल. काही मार्ग आहे का?"

मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "आत्ता कुठे? पाच वर्षं व्हायला दोन बाकी आहेत. तू बाहेर विकलेस तर माझ्याकडे निम्मेही उरत नाहीत. सगळा कर कंपनीवर उलटेल, धंदा बसेल. थोडं थांब."

"बराबर छे," तो म्हणाला, आणि उठून मशीनकडे गेला.

मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज बोलता आलं. पण संध्याकाळी कुणास ठाऊक का, मी मेहुलभाईंना फोन केला. ते हसले. "तमे पोते लई लो ने एमना शेर. कशो वांधो नथी." बाहेरच्याला विकले तर अडचण, मी स्वतःच घेतले तर सगळे हक्क जुन्या भागीदाराकडेच राहिले, अट कुठे मोडली? एक शेअर माझ्या बायकोच्या नावावर ठेवला की कंपनीला लागणारे दोन सभासदही झाले. बँकेनं मला पैसे दिले असते, हेही मला ठाऊक होतं. मी फोन ठेवला आणि मूग गिळून बसलो. उद्या सांगू, परवा सांगू असं करत महिना गेला आणि सावलीची जागा दुसऱ्यानं घेतली. सुंठेवाचून खोकला गेला, असं मला तेव्हा वाटलं. आज ते आठवून लाज वाटते. पैशाची भीती नव्हती मला. तो नसलेल्या शेडमध्ये सकाळी जायची भीती होती, आणि साठीला आलेल्या पुरुषानं मित्राला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा कायदा बरा, तो रडत नाही.

पाच वर्षं पुरी झाली त्या दिवशी अनंता बडोद्याचा ओलसर चिवडा, लिलो चेवडो, घेऊन आला. "सुटलो बघ आपण दोघं," म्हणाला, आणि सगळ्या कामगारांना वाटून माझ्यासमोर बसून खाल्ला. बराच वेळ बसला होता. काहीतरी म्हणेन म्हणून बसला होता, हे आता कळतं. मी गिऱ्हाइकाच्या थकलेल्या बिलाचं बोलत राहिलो... तेवढ्यात त्याला कुणीतरी मशीनवर हाक मारली.

तेराव्यानंतर वहिनी शेडमध्ये आल्या. त्याच्या केबिनमध्ये बसलो. शेअर आता त्यांच्या नावावर व्हायचे होते, त्याचे कागद मी पुढे ठेवले. आणि मला राहवलं नाही. मेहुलभाईंच्या फोनचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता या उठून जातील. त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्यांना माहीत होतं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"त्याच दिवशी घरी येऊन कायदा काढून वाचला होता. 'विलासनं घेतले तर काही वांधो नाही,' म्हणाले. मी म्हटलं, मग जाऊन सांगा की. तर म्हणाले, 'त्यालाही कळेलच. कळूनही बोलला नाही, तर समजायचं की त्याला मी हवा आहे.'" त्यांनी पुढ्यातले कागद सारखे केले. "तुम्ही थांबवलंत त्याचं मला काही नाही, भाऊजी. ते तसेही थांबले असते. फक्त एकदा तोंडानं म्हणायचं होतंत. शेवटपर्यंत वाट बघत होते."

मी रडलो. लिहायला संकोच वाटत नाही, त्या केबिनमध्ये मी लहान पोरासारखा रडलो. मग धीर करून त्यांना म्हटलं, "वहिनी, तुम्ही तरी राहा. त्याच्या जागी संचालक व्हा. मला एकट्याला जमणार नाही." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून निघालं.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "नको," म्हणाल्या. "माझे शेअर तुम्ही घ्या. मला मोकळं करा." मेहुलभाईंनी कागद केले, आणि दोन आठवड्यांत सगळं झालं. काही अडलं नाही. इतकं सोपं होतं ते.

आता कंपनी सगळी माझी आहे. अनंताच्या केबिनमध्ये मी कोणाला बसू दिलेलं नाही. तिथे भिंतीला एक छोटा फळा आहे, नव्या माणसांना भागांची आकृती काढून दाखवायचा. त्यावर शेवटची आकृती अजून तशीच आहे, खडूनं काढलेली, खाली मापं. तिसरं माप लिहायचं राहिलं आहे. कुणीतरी विचारेल म्हणून त्यानं ती जागा मुद्दामच मोकळी ठेवली असणार. शिकवताना तो तसंच करायचा. समोरच्यानं विचारेपर्यंत सांगायचं नाही, गप्प उभं राहायचं.